दांडा ओढून पाहिला होता का? घरी बांधलेली विमाने आणि चाचणीकडे पाठ फिरवणारा आपला इतिहास

१/
मराठी समाजमाध्यमांवर विमानाचा इतिहास निघाला की दोनच प्रश्न विचारले जातात. पहिले कोण उडाले? आणि तो आपला होता का? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: उडण्यापूर्वी त्या माणसाने काय काय मुद्दाम बिघडवून पाहिले होते? हा धागा त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या एका वस्तूचे आहे. घरी बांधलेल्या विमानात, नेहमीची यंत्रणा बंद पडल्यास चाके खाली आणण्यासाठी बसवलेला आणीबाणीचा दांडा, ही ती वस्तू.

२/
धुळे–सोलापूर महामार्गावर, पैठण तालुक्यात पाचोड हे मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव आहे. तेथून हाच रस्ता धरून उत्तरेकडे सुमारे दोनशे किलोमीटर गेले की धुळे येते. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे. मुंबईतील कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणचाचण्या २०२० मध्ये धुळ्यालाच झाल्या. त्या विमानाचे नाव मराठी तरुणांना ठाऊक असते. चाचणी म्हणजे नेमके काय, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. ही उणीव विमानापुरती नाही, ती इतिहासाच्या आकलनाची आहे.

३/
आधी यंत्र समजून घेऊ. पाचोडसारख्या गावात उलटणारी ट्रॉली सर्वांनी पाहिलेली असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकने जॅकमध्ये तेल दाबले की ट्रॉली वर उचलली जाते. तेलाचा पाइप फुटला तर ती स्वतःच्या वजनाने खाली येते, म्हणून उचललेल्या ट्रॉलीखाली शिरण्यापूर्वी जाणता माणूस टेकू लावतो. अनेक हलक्या विमानांत चाके याच तेलाच्या दाबाने पोटात घेतली जातात आणि तोच दाब त्यांना वर धरून ठेवतो. दाब सोडून दिला की चाके स्वतःच्या वजनाने खाली पडतात. ट्रॉलीखालच्या माणसाला ज्या गुरुत्वाकर्षणाचे भय, त्याचीच विमानात मदत घेतली जाते.

४/
आणीबाणीचा दांडा किंवा झडप हेच काम करते: पंप, वीज, बटणे या सर्वांना वगळून तेलाला परतीची वाट मोकळी करून देते. जेथे चाके यांत्रिक अडकणीवर टांगलेली असतात, तेथे दांड्याला जोडलेली तार ती अडकण सोडवते. काही विमानांत हातपंप असतो, काहींत फिरवायची दांडी, तर काहींत दाबाखालील वायूची बाटली, जी एकदा फोडली की चाके ढकलून खाली येतात. मार्ग कोणताही असो, हेतू एकच. नेहमीचा मार्ग बंद झाला तरी वैमानिक तीन चाकांवर उतरला पाहिजे.

५/
हा प्रश्न विमानाइतका जुना नाही. १९०३ मध्ये राइट बंधूंच्या विमानाला चाकेच नव्हती. ते रुळावरून सुटे आणि घसरपट्ट्यांवर उतरे. १९२० च्या डेटन-राइट शर्यती विमानात वैमानिक हाताने दांडी फिरवून चाके आत घेई. दुसऱ्या महायुद्धातील ग्रुमन वाइल्डकॅट या लढाऊ विमानातही चाके हातानेच आत घ्यावी लागत. त्यासाठी सुमारे ३० फेरे फिरवावे लागत. १९४७ मध्ये आलेल्या बीचक्राफ्ट बोनान्झात चाकांना विजेची मोटर मिळाली. तरीही आसनामागे एक दांडी ठेवली गेली. मोटर बंद पडल्यास ती सुमारे ५० वेळा फिरवून चाके खाली आणायची. सोय वाढली, तशी ती सोय अंगावर उलटण्याच्या दिवसाचीही तरतूद करावी लागली.

६/
घरी विमान बांधणाऱ्यांची संघटित चळवळ अमेरिकेत १९५३ नंतर वाढली. त्या वर्षी पॉल पोबरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. घरी बांधलेल्या बहुसंख्य विमानांची चाके स्थिर असतात. पण लॅन्सेअर, ग्लासेअर यांसारख्या वेगवान विमानांच्या संचांत आत जाणारी चाके आली आणि त्यांच्याबरोबर एक विलक्षण जबाबदारीही आली. कारखान्यातील विमानाचा आराखडा एक जण करतो, बांधतो दुसरा, तपासतो तिसरा आणि उडवून पाहतो चौथा. घरी बांधलेल्या विमानात यांतली बरीचशी माणसे एकाच सदऱ्यात असतात. स्वतःच्या कामातील चूक स्वतःला दिसणे किती कठीण असते, हे वेगळे सांगायला नको.

७/
म्हणून पहिली चाचणी जमिनीवर होते. विमान जॅकवर उचलायचे. नेहमीच्या यंत्रणेने चाके वारंवार आत-बाहेर करायची. मग पंपाचा वीजपुरवठा मुद्दाम तोडायचा आणि आणीबाणीचा दांडा ओढायचा. तिन्ही पाय खाली येऊन कुलूपबंद होतात का? दार कोठे घासते का? दिवा खरोखर कुलूप लागल्यावरच पेटतो, की पाय अर्धवट असतानाच पेटतो? पट्टे आवळून बसलेल्या माणसाचा हात दांड्यापर्यंत पोहोचतो का? ओढायला किती जोर लागतो? यांतील कोणत्याही प्रश्नाचे उत्तर आराखड्याकडे पाहून मिळत नाही. दांडा ओढल्यावरच ते मिळते.

८/
येथे हुशार माणूसही फसतो. हँगरमध्ये वारा नसतो. अनेक विमानांत नाकाचे चाक मागे दुमडून आत जाते, म्हणजे बाहेर येताना त्याला पुढे यावे लागते आणि उडत्या विमानात पुढून वाऱ्याचा प्रचंड रेटा येत असतो. जॅकवर डौलाने खाली पडणारे तेच चाक हवेत अर्ध्या वाटेवर लोंबकळत राहू शकते. म्हणूनच अशा ठिकाणी वजनाच्या मदतीला स्प्रिंग किंवा वायूच्या दाबाचा दट्ट्या बसवतात. तो पुरेसा आहे का, हे हँगर सांगू शकत नाही. जमिनीवरील यशाने हवेतील यश सिद्ध होत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे इतिहासाच्या एका दाव्याकडे वळताना ती उपयोगी पडेल.

९/
दुसरी चाचणी हवेत. स्वच्छ दिवस, लांब धावपट्टी जवळ, टाकीत पुरेसे इंधन, विमानात अनावश्यक माणूस एकही नाही. धावपट्टीच्या वर काही हजार फूट उंची घ्यायची. एखादा पाय अडला तर विचार करायला वेळ मिळावा, एवढाच त्या उंचीचा अर्थ. वेग चाकांसाठी ठरवलेल्या मर्यादेखाली आणायचा. चाके आत घ्यायची, पंपाचा सर्किट ब्रेकर ओढायचा, दांडा ओढायचा आणि घड्याळ लावायचे. किती सेकंदांत कोणता पाय खाली आला, कोणत्या वेगाला, कोणता दिवा आधी लागला, हे सारे लिहून ठेवायचे. मग थोड्या वेगळ्या वेगाला तेच पुन्हा.

१०/
वायूची बाटली असलेल्या यंत्रणेत ही चाचणी उतरण्याच्या आधी, शेवटीच करतात, कारण बाटली रिकामी झाल्यावर यंत्रणा हवेत पूर्ववत करता येत नाही. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला असे चाचणीचे तास सक्तीने भरावे लागतात: इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर साधारणतः २५, नसेल तर ४०. या काळात हौसेने कोणाला चक्कर मारून आणता येत नाही. त्या तासांत विमान जे करते, ते नोंदवहीत जाते. बांधणाऱ्याच्या अभिमानाला त्या वहीत रकाना नसतो.

११/
यावर एक आक्षेप नेहमी येतो: चालत्या यंत्राला मुद्दाम का छेडायचे? नेहमीची यंत्रणा उत्तम चालते, मग आणीबाणीची कशाला वापरून पाहायची? उत्तर १ नोव्हेंबर २०११ रोजी वॉर्सा येथे मिळाले. पोलंडच्या लॉट कंपनीचे बोइंग ७६७ न्यूअर्कहून निघाले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात मधल्या हायड्रॉलिक यंत्रणेतील तेल गेले. वैमानिकांनी शांतपणे अटलांटिक ओलांडला, कारण अशा वेळेसाठी विजेवर चालणारी पर्यायी व्यवस्था विमानात होतीच. वॉर्साला त्यांनी ती वापरली. एकही चाक खाली आले नाही.

१२/
कॅप्टन तादेउश व्रोना यांनी विमान पोटावर उतरवले. २३१ जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही. पुढे क्रेनने विमान उचलले गेले आणि पर्यायी यंत्रणेच्या वाटेवरचा एक सर्किट ब्रेकर उघडा असल्याचे आढळले. तो दाबताच चाके निमूटपणे खाली आली. जगातील एका बड्या कारखान्यात तयार झालेल्या, प्रशिक्षित माणसांच्या हाती असलेल्या विमानात संकटासाठी ठेवलेली व्यवस्था एका बटणाएवढ्या वस्तूने निकामी झाली होती आणि गरज पडेपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. आणीबाणीची यंत्रणा रोज वापरात नसते, त्यामुळे ती गुपचूप मरते. ती जिवंत आहे हे जाणण्याचा एकच उपाय आहे: ती वापरून पाहणे.

१३/
उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानात नाकाच्या चाकाचा दिवा लागला नाही. चाक खाली होते. गेला होता तो फक्त दिवा. पण सगळे कर्मचारी त्या दिव्यात गुंतले, स्वयंचलित उड्डाणयंत्रणेचा उंची धरण्याचा भाग सुटल्याचे कोणाला कळले नाही आणि विमान हळूहळू एव्हरग्लेड्सच्या दलदलीत उतरत गेले. १०१ माणसे गेली. यंत्रणा खाली आली का, याइतकाच ‘खाली आल्याचे कळते कसे’ हा प्रश्न महत्त्वाचा, हा या घटनेचा धडा. म्हणून हँगरमधील त्या चाचणीत दिवेही तपासायचे असतात.

१४/
आता भारतात येऊ. ६ मार्च २००९ रोजी राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘सारस’ विमानाचा दुसरा नमुना बंगळूरजवळ बिडदी येथे कोसळला. बंद केलेले इंजिन हवेत पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालू होती. वायुदलाचे दोन चाचणी वैमानिक आणि एक चाचणी अभियंता असे तिघेही मृत्युमुखी पडले. इंजिन पुन्हा सुरू करण्याची कार्यपद्धती चुकीची आखली गेली होती आणि ती अपुऱ्या उंचीवर अमलात आणली गेली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. चाचणी ही विधी उरकल्यासारखी करण्याची गोष्ट नव्हे, हे त्या तिघांनी प्राण देऊन शिकवले. आपत्ती मुद्दाम ओढवून घ्यायची असेल, तर तिच्यातून बाहेर पडण्याची वाट आधी मोजून ठेवावी लागते. नवव्या नोंदीतील ‘काही हजार फूट’ यांचे मोल येथे कळते.

१५/
एवढे समजून घेतले की मराठी समाजमाध्यमांच्या लाडक्या कथेकडे वळता येते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे निर्मनुष्य विमान सुमारे १५०० फूट उंच उडवले, अशी ती कथा. तळपदे हे खरे गृहस्थ होते, त्यांना विमानविद्येचा खरा ध्यास होता आणि त्या ध्यासाबद्दल आदर वाटायलाच हवा. पण कथा सांगणाऱ्यांना विचारावे: उड्डाण किती सेकंदांचे होते? वारा किती होता? पंखांचे क्षेत्रफळ किती? आदल्या प्रयत्नांत काय मोडले? ‘केसरी’चा दाखला दिला जातो, पण अंक, तारीख आणि पृष्ठ देऊन तो मजकूर समोर ठेवला जात नाही.

१६/
या कथेला टेकू म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे नाव घेतले जाते. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी त्याची कसून तपासणी केली. हा ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातील विमाने उडण्यास अपात्र आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. चार दशकांनंतर, जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. तपासणीचे उत्तर तपासणीने द्यायचे असते. येथे ते टाळ्यांनी दिले गेले.

१७/
तळपदे समर्थकांचा राग राइट बंधूंवर असतो: परक्यांना श्रेय, आपल्यांची उपेक्षा. पण राइट बंधूंचे श्रेय १७ डिसेंबर १९०३ च्या बारा सेकंदांवर उभे नाही. १९०१ च्या हिवाळ्यात त्यांनी घरच्या वातनळीत पंखांचे सुमारे २०० आकार तपासले, कारण उपलब्ध आकडेमोड त्यांच्या ग्लायडरला लागू पडत नव्हती. त्या दिवशीची चार उड्डाणे, पहिले १२० फूट, शेवटचे ८५२ फूट आणि ५९ सेकंद, हे सारे त्यांच्या नोंदींत आहे. त्यांना श्रेय देणारी वस्तू म्हणजे ती वही आहे. गोऱ्या कातडीचा येथे संबंध नाही. कोणत्याही देशातील माणूस अशी वही ठेवू शकला असता आणि आजही ठेवू शकतो.

१८/
आणि अशी वही ठेवणारा मराठी माणूस होता. कोल्हापूर भागातील विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीतील गॉटिंगेन येथे वायुगतिकीचे आचार्य लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. भारतीय वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्याची चाके स्थिर होती, कारण शिकाऊ वैमानिकाच्या विमानात जितके कमी बिघडण्याजोगे तितके बरे. चौपाटीच्या कथेचे शेकडो धागे निघतात. घाटगे यांच्यावर किती निघाले, याचा शोध वाचकांनी स्वतःच घ्यावा.

१९/
आता गच्चीवरच्या विमानाकडे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. कांदिवलीतील घराच्या गच्चीवर त्यांनी कुटुंबाची पुंजी ओतून सहा आसनी विमान बांधले. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी धुळ्याला चाचण्या झाल्या. दोन फसलेले प्रयत्न स्वतः सांगणारा हा माणूस आहे. तळपदे यांच्या नावाने कथा रचणाऱ्यांनी नेमका हाच भाग शिकण्यासारखा आहे.

२०/
पण समाजाने त्यांच्या विमानातले काय लक्षात ठेवले? नोंदणीची अक्षरे पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांच्या नावांवरून घेतली, हे. २०१८ मध्ये जाहीर झालेला ३५,००० कोटींचा सामंजस्य करार, हे. पालघरची जमीन, हे. धुळ्याच्या धावपट्टीवर कोणत्या दिवशी कोणती चाचणी झाली, कोणत्या वेगाला काय आढळले, पुढच्या टप्प्याआधी काय बदलले, हे विचारणारा मजकूर मराठीत शोधून सापडत नाही. विमान बांधणाऱ्याचा यात दोष नाही. दोष वाचणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा आहे. त्यांना सोहळा पुरतो.

२१/
येथे दुसरा आक्षेप येतो: चाचण्या, परवानग्या, तास ही सारी लालफीत आहे, याच लालफितीने त्या विमानाची वर्षे खाल्ली. यात तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हौसेने बांधलेल्या विमानांसाठी नियम सुस्पष्ट नसणे, अर्जदाराला वर्षानुवर्षे हेलपाटे घालायला लावणे, हे शासनाचे अपयश आहे. पण कागद अडवणे ही एक गोष्ट आणि दांडा ओढून पाहायला सांगणे ही दुसरी. पहिलीवरचा राग दुसरीवर काढला की माणसे मरतात. चांगला नियम उड्डाण रोखत नाही, तो उड्डाणाला टप्पे देतो: आधी जॅकवर, मग धावपट्टीवर, मग एकट्याने हवेत, आणि सर्वांत शेवटी इतरांना घेऊन.

२२/
माणसे मरतात, हे अलंकारिक विधान नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात चोवीस वर्षांचा, वेल्डिंगचे काम करणारा तरुण स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेत होता. मागच्या पंख्याचे पाते तुटले, मुख्य पंख्यावर आदळले आणि मुख्य पंख्याचा आघात आत बसलेल्या त्या तरुणावर झाला. तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जिद्दीचे गोडवे गाणारे संदेश राज्यभर फिरले. जिद्द खरी होती. पण पहिल्यांदा पंखा फिरवताना आत माणूस नसावा, यंत्र जखडलेले असावे, पाते आधी वेगळे तपासावे, हे त्याला सांगेल असा एकही माणूस, एकही मराठी पुस्तक, एकही संस्था त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. त्याच्यापर्यंत पोहोचल्या होत्या त्या फक्त शाबासक्या.

२३/
तिसरा आक्षेप हळवा आहे: चाचण्या श्रीमंतांना परवडतात, गरिबाने काय करावे? वस्तुस्थिती उलट आहे. चाचणी हा विमानविद्येतील स्वस्तातला भाग आहे. पंखावर वाळूची पोती रचून तो किती भार सोसतो हे पाहण्याची रीत जुनी आहे, तिला वाळू आणि पोती लागतात. चाकांच्या चाचणीला जॅक, घड्याळ आणि वही लागते. महाग असतो तो अपघात. पाचोडपासून धुळ्यापर्यंत महामार्गावरच्या वेल्डिंगच्या दुकानांत हातांत कौशल्य असलेली कितीतरी मुले काम करतात. त्यांना गरीब म्हणून चाचणीतून सूट देणे ही दया नव्हे. त्यांचा जीव स्वस्त मानण्याचा तो सभ्य प्रकार आहे.

२४/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यातून एक पद्धत निघते. ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असा कोणताही दावा आला, विमानाचा असो, तोफेचा असो वा शस्त्रक्रियेचा, तर चार प्रश्न विचारावेत. अपयशाची नोंद आहे का? मोजमाप आहे का? तेच दुसऱ्याने पुन्हा करून पाहिले का? आणि बिघाडाच्या दिवसाची काय तरतूद होती? खऱ्या यंत्रामागे मोडक्या भागांचा ढीग असतो. ज्या कथेत काहीही मोडत नाही, तिच्यातले यंत्र कागदावरचे किंवा त्याहूनही पातळ कशावरचे असते. साधनांविना इतिहास नाही, हे वि. का. राजवाडे यांच्या परंपरेत वाढलेल्या भाषेला नव्याने सांगावे लागावे, हे खेदाचे आहे.

२५/
घरी विमान बांधणाऱ्या माणसाचा खरा क्षण पहिल्या उड्डाणाचा मानला जातो. छायाचित्र त्याचेच निघते, पेढे त्याचेच वाटले जातात. त्याहून मोठा क्षण काही आठवड्यांनी येतो. तेव्हा हवेत तो एकटा असतो, खाली टाळ्या वाजवणारे कोणी नसते, सगळे सुरळीत चाललेले असते आणि तरीही तो पंपाचा ब्रेकर ओढतो, दांड्याला हात घालतो आणि आपल्याच कामावर अविश्वास दाखवून तीन दिव्यांची वाट पाहतो. एखादा दिवा लागत नाही. तो उतरतो, वहीत तसे लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जॅक लावतो. मराठी विमानविद्येचा इतिहास लिहायचा असेल, तर अशा वह्या गोळा करण्यापासून आरंभ करावा. धुळ्याच्या चाचण्यांना अजून फार वर्षे झालेली नाहीत, तेथील नोंदी विचारायला आज माणसे आहेत. चौपाटीच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे.

धागा समाप्त.